माझ्या डोक्यावरचा गहू

मित्रांनो, मी गवताचा एक जुना तुकडा आहे. आकाराने वाटीएवढा. कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतातल्या एका छोट्या गावाच्या गोल्फ मैदानावर, नवव्या भोकाभोवतीच्या हिरवळीत मी वाढलो. आमच्याआधी तिथे गवताऐवजी वाळू असायची, वाऱ्याने उडू नये म्हणून तेल पाजलेली. वाळूला पाणी लागत नाही, ती आजारी पडत नाही आणि मरत तर मुळीच नाही. गावातली जुनी मंडळी अजून तिचं नाव आदराने घेतात.

उन्हाळ्यात माझी फार बडदास्त असे. चेंडू भोकात गेला की कौतुक खेळणाऱ्याचं. नाही गेला की दोष माझा. त्याची मला सवय झाली होती. हिवाळ्याची मात्र कधीच झाली नाही.

भुसभुशीत बर्फाची भीती नसते. तो आमची गोधडी. पण यंदा ऐन थंडीत उबदार वारा सुटला, बर्फ वितळला आणि ते पाणी आमच्या अंगावरच गोठलं. वर काचेसारखा थर, खाली श्वास कोंडलेला. हळूहळू शेजारची पाती हाकेला ओ देईनाशी झाली. मग मीही हाका मारणं सोडलं. न आलेलं उत्तर ऐकण्याची माझी छाती नव्हती.

थंडी सरत आली तेव्हा मैदानाची निगा राखणाऱ्या ओरेस्टने बर्फ फोडून मला कापून काढलं आणि क्लबच्या स्वयंपाकघरात खिडकीशी एका ताटलीत ठेवलं. उबेत मी हिरवा झालो तर हिरवळ जिवंत. नाही झालो तर मेली.

"पिवळाच राहिला तर पुन्हा वाळू," क्लबचे अध्यक्ष लॉर्न सूर्यफुलाच्या बिया चघळत म्हणाले.

आता सगळी हिरवळ माझ्या भरवशावर, आणि मी जिवंत आहे की नाही हे मलाच ठाऊक नाही! अशी शंका तुम्हाला कधी न येवो.

त्यात स्वयंपाकीण स्टेफा सुट्टीवरून परतली. ईस्टरच्या आधी ताटलीत गहू पेरायचा आणि त्या हिरव्या कोंबांवर रंगवलेली अंडी मांडायची, ही तिच्या घरची रीत. मला पाहून ती म्हणाली, "ह्यांनी ईस्टरचा गहू लावला आणि पाणी घालायला विसरले. पुरुषांचंच काम!" तिने माझ्यावर मूठभर गहू टाकला, पाणी शिंपडलं.

गहू उगवला. त्याची मुळं माझ्या अंगात शिरली. लॉर्न नाचायचेच बाकी राहिले.

"जगलं! ओरेस्ट, लेका, जगलं! उद्याच झेंडा रोव, खेळ सुरू!"

तिकडे मैदानावरच्या चिखलात एखाददुसरं मूळ तग धरून असेल, तर तेही उद्या बुटांखाली जाणार होतं. मला ओरडायचं होतं. पण गवताला ओरडता आलं असतं, तर लोकांनी ते रोज कापलं असतं का?

ओरेस्टने बराच वेळ पाहिलं आणि एक पातं उपटलं. टोकाला गव्हाचा दाणा लोंबत होता.

"लॉर्न, उद्या खेळायचं की पाव भाजायचे?"

"हात काढ!" चुलीपासून स्टेफा गरजली. "माझ्या अंड्यांचा गहू आहे तो!"

"अगं, ही नववी हिरवळ आहे!"

"मग स्वयंपाकघरात काय करतेय?"

लॉर्नचा चेहरा पडला. "म्हणजे मेलं. वाळूच मागवतो."

"थांब जरा. स्टेफा, सुरी दे."

"पावाची की माशाची?"

"धार असेल ती!"

सुरी माझ्या बुंध्यांवरून फिरू लागली. आत पांढरं असेल तर जीव आहे, तपकिरी असेल तर गेला. पहिला तपकिरी. पुढचाही तपकिरी. मी मोजणं सोडलं. अगदी कडेला सुरी थांबली.

"पांढरा! बघ."

"एवढ्याशावर?"

"एवढ्याशावर आणि नव्या बियांवर. मातीत बारीक भोकं पाडू, बी पेरू, वर पांघरूण घालू. पण गवत धरेपर्यंत कुणाचा पाय पडता कामा नये."

"अध्यक्षाचासुद्धा?"

"अध्यक्षाचा तर नकोच. वजनदार माणूस."

लॉर्ननी बियांची टरफलं थुंकली. "बरं," ते म्हणाले. "वाळू राहू दे."

ओरेस्टने मला परत माझ्या जागी बसवलं. आता माझ्याभोवती नवं गवत उगवलं आहे, तान्ह्या बाळाच्या जावळासारखं. सभोवार दोरी बांधली आहे. जमिनीवर पडणारं प्रत्येक पाऊल मला कळतं आणि प्रत्येक वेळी मी आक्रसतो.

मित्रांनो, चेंडू दुकानात नवा मिळतो. हे जावळ मिळत नाही. दोरीच्या आत चेंडू आला, तर तो तिथेच राहू द्या.

आत्ताच एक आला आहे. "फक्त उचलतो रे, एकच पाऊल," कोणीतरी म्हणतंय. दोरीवरून एक बूट आत आला आहे.

तो अजून टेकलेला नाही.