बंदुकीतून उरलेला व्हॉल्व्ह

दादाच्या प्लंबिंगच्या डब्यात हात घातला की धाकटीला नळ-नळ्या दिसतच नसत. तिला दिसत बंदुका. पाइपच्या एल्बोची मूठ, बेसिनखालची वाकडी नळी, टोकाला शॉवरची जाळी, वर चंदेरी रंग, की परग्रहावरचा शिपाई लढाईला तयार. ज्या नाटकमंडळींसाठी ती या खोट्या बंदुका बनवी, त्यांना त्या फार आवडत. "माझ्या पोटावर पाय देऊन तुझी युद्धं चालू देत," असं म्हणत दादा डबा तिच्याकडे सरकवी. अट एकच, नको असेल ते परत डब्यात टाकायचं. धाकटी अट इमानेइतबारे पाळायची, आणि तिथंच घात झाला.

दुपारी शेवटच्या बंदुकीसाठी तिने डबा उपसला, तर लाल टोपीचा पितळी व्हॉल्व्ह सापडेना. तिने दादाला फोन लावला.

"दादा, तो लाल टोपीवाला कुठाय रे?"

"काकूच्या गीझरला बसवला की सकाळी. अगदी नव्यासारखा चकचकीत होता."

चकचकीत तिनेच केला होता. त्याआधी बंदुकीची दांडी घट्ट बसावी म्हणून त्यात रेझिन, म्हणजे दगडासारखा कडक होणारा गोंद, ओतलं होतं. बंदूक जड झाली म्हणून दांडी कापली आणि व्हॉल्व्ह घासूनपुसून डब्यात टाकला.

"दादा, तो आतून बुजवलाय मी. त्यातून काहीच बाहेर पडणार नाही."

दादाचा आवाज ओळखू येईना. "काकूचा गीझर आपोआप बंद होत नाही. तो बंद करणारा पार्ट उद्या मिळणार आहे. वाफ वाढली तर व्हॉल्व्हमधून निघून जाईल, म्हणून खुशाल वापर म्हटलं मी तिला. तू पळ. गीझरला हात लावू नकोस. मेन स्विच बंद कर आणि काकूला बाहेर काढ. मी निघालोच."

काकूचं घर मागच्याच गल्लीत. धाकटी चपला न घालताच धावली. काकू एकटी राहते, तिला कमी ऐकू येतं, फोन ती कधीच वेळेवर उचलत नाही. आई गेल्यावर जिने धाकटीच्या वेण्या घातल्या, ती काकू. धावता धावता धाकटी स्फोटाच्या आवाजासाठी कान देत होती आणि तो येऊ नये म्हणून मनातल्या मनात विनवण्या करत होती.

दार काकूनेच उघडलं. धाकटीला हायसं वाटलं, पण ते तेवढ्यापुरतंच.

"हळू गं," काकू म्हणाली. "शेजारीण बाळाला न्हाऊ घालतेय. त्यांच्याकडे गरम पाणी नाही."

बाथरूमचं दार बंद होतं. आतून गीझरची गुरगुर ऐकू येत होती. दारामागच्या मेन स्विचवर धाकटीने हात मारला, घरातले दिवे-पंखे बंद पडले, आणि ती बाथरूमचं दार बडवू लागली.

"ताई, बाळाला घेऊन बाहेर या. आत्ताच्या आत्ता."

"अहो, डोक्याला साबण लावलाय."

"साबणासकट आणा."

कडी निघाली. धाकटीने बाळ जवळजवळ हिसकावून घेतलं, शेजारणीला दंडाला धरून ओढलं, काकूला पुढे घातलं आणि सगळ्यांना जिन्यावर आणलं. शेजारीण संतापली होती. काकू म्हणाली, "अगं, वेड लागलंय का तुला? पाहुण्याशी असं वागतात?" शेजारणीने हात पुढे केले, पण धाकटी बाळ सोडेना. बाळ टाहो फोडत होतं, त्याच्या केसांतला फेस तिच्या कोपरावरून ओघळत होता.

दादा आला. त्याने त्यांना आणखी खाली पाठवलं, स्वतः दारात थांबून राहिला. गीझर गार व्हायला बराच वेळ गेला. मग तो आत गेला आणि व्हॉल्व्ह काढून घेऊन आला. जिन्यात उभं राहून त्याने तो ओठांना लावला आणि फुंकर मारली. त्याचे गाल फुगले, कानशिलं लाल झाली, पण पलीकडून हवा काही निघाली नाही.

त्याने व्हॉल्व्ह खिशात टाकला. धाकटी रागाच्या शब्दांची वाट पाहत होती. तो सावकाश उतरून तिच्यापाशी आला.

"बाळ दे इकडे," तो म्हणाला. "पडेल तुझ्या हातून."