वळणावर बांधलेला रेनकोट

मित्रांनो, आज मला बघून तुम्ही पिवळा म्हणणार नाही. ऊन आणि पाणी खाऊन माझा रंग वाळलेल्या गवतासारखा झाला आहे, कोपरांवर ठिगळे आहेत आणि टोपीची एक नाडी कधीच तुटून गेली आहे. मी एक रेनकोट आहे. माणसांना कोरडे ठेवणे एवढेच माझे काम. पण एका माणसाला मी वाचवू शकलो नाही, आणि ते मला अजून सुटत नाही.

माझा जन्म ताडपत्रीच्या दुकानात झाला. तिथे ट्रकांची झाकणे, तंबू, दुकानांपुढची छते असले आडदांड सामान शिवले जाई. शिवणारा माणूस बोटांनी जाड आणि बोलण्यात अगदी थोडका. बायको लवकर गेली होती, घरात एकच मुलगी. ती एका जागी पाच मिनिटे टिकत नसे, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. मोठी झाल्यावर भिंगरीला जंगलखात्यात वाट राखायची नोकरी लागली. मग बापाने चांगल्या ताडपत्रीचा तुकडा बाजूला काढला आणि तीन संध्याकाळी बसून मला शिवले.

"बाजारातले कोट काट्यांत दोन दिवस टिकत नाहीत," तो मला तिच्या हातात देत म्हणाला. "हा घे. फाटला तर माझ्याकडे आण. हरवला तर घरी येऊ नकोस."

"बाबा, तू कोट दिलास की धमकी?" ती हसली आणि तिथल्या तिथे मला घालून गिरकी घेतली.

ती राखत असलेली वाट नावाचीच वाट होती. पायथ्याच्या चौकीपासून ती झाडांत शिरे आणि मग मुळांवरून, सुट्या धोंड्यांवरून, ओढा तीनदा ओलांडून वर चढे. वाटेत तीन धबधबे होते. लोक त्यांना धाकटा, मधला आणि थोरला म्हणत. धाकट्यापर्यंत कुणीही जाई. मधल्यापाशी निम्मे लोक धापा टाकत परत फिरत. थोरल्याकडे जाताना मात्र वाट कड्याच्या कुशीतून जात असे. एका अंगाला ओला खडक, दुसऱ्या अंगाला काहीच नाही, आणि खालून सतत घुमणारा पाण्याचा आवाज.

पाच वर्षे मी त्या वाटेवर भिंगरीच्या अंगावर होतो. ती पडलेली झाडे बाजूला करी, निसरड्या दगडांवरचे शेवाळ खरवडी, चुकलेल्यांना खाली आणी. "ती पिवळी ताई लांबून दिसली की जीव भांड्यात पडतो," असे लोक म्हणत, तेव्हा मी फुशारून जाई.

मग तो दिवस आला. थोरल्याच्या अलीकडच्या वळणापुढे वाटेचा दहा-बारा हात तुकडा आदल्या रात्री खाली गेला होता. वळण घेईपर्यंत ते दिसत नसे. भिंगरीजवळ ना दोर होता ना पाटी. तिने क्षणभर विचार केला, मला अंगातून काढले आणि वळणाच्या अलीकडच्या झाडाला वाटेवर आडवे बांधले. बाह्यांची गाठ तिने बापासारखी मारली, दोनदा पीळ देऊन. ट्रकवरची ताडपत्री अशाच गाठीने बांधतात. "थांब हं इथे," ती मला म्हणाली आणि सामान आणायला चौकीकडे उतरली.

मी थांबलो. थांबण्यावाचून मला दुसरे काय येते?

तासाभराने ओढ्याकाठच्या आडवाटेने एक माणूस वर आला. तो बेकरी चालवत असे आणि सुटीच्या दिवशी एकटाच डोंगर हिंडे. तो मला वळसा घालून पुढे गेला, तुटलेली वाट पाहून दचकला आणि परत आला. तेव्हा कुठे त्याने मला नीट पाहिले. माझे कापड चिमटीत धरून पाहिले. "कुणीतरी विसरलंय," तो स्वतःशीच म्हणाला. मित्रांनो, विसरलेल्या कोटाला कुणी अशी गाठ मारत नाही. ती सोडवायला त्याला दातही लावावे लागले. तरी त्याने सोडवलीच. मला घडी घालून पिशवीत कोंबले आणि तो खाली निघाला.

मधल्या धबधब्यापाशी मला ओळखीची पावले ऐकू आली. खांद्यावर दोर आणि पाट्या घेऊन भिंगरी वर येत होती.

"दादा, वरून आलात ना?" तिने विचारले. "वळणावर पिवळा कोट बांधलेला दिसला का? आहे ना जागेवर?"

मी पिशवीत, तिच्यापासून हातभर अंतरावर होतो. बेकरीवाल्याची पिशवीवरची पकड घट्ट झाली. काढून दिला तर चोर ठरू, असे त्याला वाटले. तिला जागा माहीतच आहे, असेही वाटले.

"आहे," तो म्हणाला.

"मग बरं झालं. धुकं उतरतंय, कोट दिसला की मला थांबायचं कळेल. तुम्ही जपून उतरा हं, पुढचे दगड हलतात."

तिची पावले वर गेली. थोड्याच वेळात धुके इतके दाट झाले की बेकरीवाल्याला स्वतःचे बूट दिसेनात. पाण्याच्या आवाजात दुसरा कसला आवाज मिसळला का, ते मला ऐकू आले नाही. पण त्या क्षणापासून माझ्या आतला गारवा गेला नाही.

ती दुसऱ्या दिवशी थोरल्याच्या डोहाकाठी सापडली. दोर खांद्यावर तसाच होता. तिसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात बेकरीवाल्याने ते वाचले. वर कोट बांधून आल्याचे तिने चौकीवर सांगितले होते, पण कोट कुठेच मिळाला नव्हता. वाऱ्याने उडाला असेल, असे साहेब म्हणत होते. बांधलाच नसेल, असेही कुणीकुणी म्हणत होते.

त्याने वर्तमानपत्राची घडी केली आणि मला कपाटावरच्या पेटीत तळाशी टाकले.

अकरा महिने मी त्या पेटीत होतो. बाहेर पावांचा खरपूस वास दरवळे आणि आत मला फक्त ओल्या दगडाचा वास येई. मी कधीच वाळलो होतो, तरी पेटीच्या तळाचा कागद ओला होई. का, ते मला सांगता येणार नाही. बेकरीवाल्याचेही काही ठीक नव्हते. गिऱ्हाईक साधेच विचारी, "ताजा पाव आहे ना?" आणि "आहे" म्हणताना त्याची जीभ अडखळे. मग तो तो शब्दच टाळू लागला, नुसती मान हलवू लागला.

शेवटी एक दिवस त्याच्या बायकोला पेटीच्या तळाशी मी सापडलो. ती शहाणी बाई होती. तिने आरडाओरडा केला नाही. मला टेबलावर ठेवले आणि नवऱ्याला समोर बसवले. त्याने सगळे सांगितले, ती एक भेट सोडून.

"मला सांगून काय उपयोग?" ती म्हणाली. "ज्याला सांगायचं त्याला जाऊन सांगा."

त्याच दुपारी मी पुन्हा त्या ताडपत्रीच्या दुकानात आलो. यंत्र तेच, खिळ्याला टांगलेली कात्री तीच. शिवणारा मात्र वाकला होता. बेकरीवाल्याने मला पाटावर ठेवले. म्हाताऱ्याने मान वर केली नाही. आधी हात पुढे आला आणि माझ्या बाह्यांवरून फिरला. तिथे पिळाच्या चुण्या अजून उमटलेल्या होत्या.

"तिनं बांधला होता," तो हळूच म्हणाला. "मी सांगत होतो सगळ्यांना. आमची गाठ वाऱ्यानं सुटत नाही." मग त्याने वर पाहिले. "तुम्ही सोडलीत?"

"हो काका."

"जड गेली?"

"खूप वेळ लागला. दात लावावे लागले."

"मग तेव्हाच कळायला हवं होतं, कुणीतरी जीव लावून बांधलाय म्हणून."

बेकरीवाला निघून जाऊ शकला असता. दार उघडेच होते. पण तो उभा राहिला आणि जे बायकोला सांगितले नव्हते ते त्याने सांगितले. ती भेटली होती. तिने विचारले होते. तो "आहे" म्हणाला होता.

मला वाटले, म्हातारा आता कात्री उचलणार. माझ्यावर की त्याच्यावर, ते कळत नव्हते.

"उद्या सकाळी मला तिकडे घेऊन चल," तो म्हणाला. "तुम्ही" जाऊन "तू" आले होते, पण त्या "तू"त माया नव्हती.

दुसऱ्या दिवशी दोघे ती वाट चढले. म्हाताऱ्याचे गुडघे कुरकुरत होते. दर ओढ्यापाशी बेकरीवाला हात पुढे करी आणि म्हातारा तो न धरता दगड चाचपत पलीकडे जाई. मधल्या धबधब्यापाशी तो थांबला.

"इथंच भेटली? मग नेमकं काय म्हणाली ते सांग. तुझ्या शब्दांत नको, तिच्या."

बेकरीवाल्याने शब्द न् शब्द सांगितला. जपून उतरा हं, पुढचे दगड हलतात. म्हाताऱ्याने ते पुन्हा म्हणायला लावले. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्यांदा सांगताना बेकरीवाला मोठ्याने रडू लागला, आणि म्हातारा पाण्याकडे पाहत राहिला.

"हरवला तर घरी येऊ नकोस म्हणालो होतो मी तिला," तो म्हणाला. "थट्टेत."

वळणावर आता लोखंडी कठडा होता. म्हातारा तिथे बराच वेळ उभा राहिला. निघताना त्याने मला बेकरीवाल्याच्या अंगावर फेकले. "मला घरात नको हा. तू घाल. दर सुटीला वर ये आणि वाट बघून जा. काय हललं, काय पडलं, चौकीवर सांग. माफ केलं असं समजू नकोस."

त्याने तसे समजले नाही, पण तो येत राहिला. नवा वाटराख्या आधी त्याच्याकडे संशयाने पाही, मग त्याला कोयता देऊ लागला. मी त्याला फार घट्ट होई. काखेत काचे, पाठीवर ताणले जाई, हात वर केला की श्वास कोंडे. तो कधी तक्रार करत नसे. धुक्यात लोक मला लांबून पाहत आणि एकमेकांना बिलगत. "ती अजून फिरते," असे ते खाली जाऊन सांगत. ते बेकरीवाल्याच्याही कानावर येई. खरे सांगू? धुक्यात कधीकधी मलाही कळत नसे, माझ्या आत कोण चालत आहे ते. पावले जड असत, पण ओढा ओलांडताना मध्येच एखादी गिरकी घेतल्यासारखे वाटे.

मी फाटलो की तो मला दुकानात नेई. म्हातारा ठिगळ लावी, मला पाटावरून पुढे सरकवी आणि पुढच्या कामाला लागे. "बस" म्हणत नसे, पाणी विचारत नसे. अशी सहा वर्षे गेली.

सातव्या वर्षी माझी पाठ शिवणीवर उसवली. म्हाताऱ्याने मला उलटे केले, चष्मा लावला आणि सुई घेण्याऐवजी छोटी कात्री घेतली. खांद्यांची शिवण तो टाका टाका करून उसवू लागला.

"काका, हे काय करताय?" बेकरीवाला घाबरून म्हणाला. "तिचं माप आहे ते."

"माहीत आहे. मीच घेतलं होतं." म्हाताऱ्याने आतली दुमडलेली पट्टी उलगडून दाखवली. तिथले कापड अजून जसेच्या तसे झळझळीत पिवळे होते. "दोन बोटं माया ठेवली होती आत. पुढं अंगात भरली तर म्हणून." त्याने पट्टी बोटाने सपाट केली. "उभा राहा सरळ. खांदा मोजू दे."

मित्रांनो, मला दुखले. तिचे खांदे मी इतकी वर्षे धरून ठेवले होते आणि ते त्या दुपारी माझ्यातून निघून गेले. पण बेकरीवाल्याने मला घालून हात वर केला, तेव्हा सात वर्षांत पहिल्यांदा त्याने पूर्ण श्वास घेतला. म्हातारा दोरा तोडत म्हणाला, "बस जरा. चहा टाकतो."

आता मी आणि बेकरीवाला दोघेही थकलो आहोत, तरी वर जातो. थोरल्याचा आवाज धुक्यात अजून तसाच घुमतो, आणि वळणापाशी माझ्या टोपीत कुणीतरी श्वास घेतल्यासारखे होते. आम्ही तिथे थोडे थांबतो.

तुम्ही कधी अशा रानवाटेने गेलात, तर एवढे माझे ऐका. झाडाला बांधलेली चिंधी, दगडावर ठेवलेला दगड, आडवी टाकलेली फांदी, काहीही दिसले तरी हलवू नका. ते कुणाचे तरी बोलणे आहे. आणि चुकून हलवलेच, आणि वाटेत कुणी विचारले, तर पिशवी उघडून दाखवा. लाज वाटेल. वाटू द्या.