एकशे बेचाळिसावं पाऊल

“सगळं आहे बाबा, एकही फाइल गेलेली नाही,” जावई म्हणाला. मी पडद्याकडे बघत राहिलो. पडदा राखाडी होता. त्यावर घड्याळसुद्धा नव्हतं.

“आहे तर दिसत का नाही?”

“तीच तर गंमत आहे. विंडोजच्या जागी मिनिमलिस्ट लिनक्स टाकलंय, अगदी नवीन निघालंय. डेस्कटॉपवर काही पसाराच नाही. हवं त्याचं नाव टाइप करायचं, की उघडतं. तुमचा जुना कॉम्प्युटर कसा पळतोय बघा आता.”

मला तो पळायला नको होता. मी जोडे शिवतो, तेही ज्यांचा एक पाय आखूड किंवा वाकडा आहे अशांचे. माझ्याकडे पळणारं गिऱ्हाईक येत नाही. पण जावयाला नसते उद्योग फार. कोणी न सांगता सकाळीच येऊन त्याने जुनं सगळं काढून हे नवं घातलं होतं. मुलीचा नवरा, म्हणून मी तोंड आवरून होतो.

समोर पोस्टातल्या बाईंचा नवरा उभा होता. त्याच्या हातात बाईंचा डावा जोडा होता, तळ मधोमध मोडलेला. या जोड्याशिवाय बाईंना घराच्या दारापर्यंतही जाता येत नाही. नवा तळ कापायला मला त्यांच्या पावलाचा आराखडा हवा होता. मोडक्या तळावरून माप घेतलं तर माप मोडकंच येतं.

“नाव काय टाइप करू?” जावयाने विचारलं.

नावं नव्हतीच. कागदी आराखड्यांना वाळवी लागली तेव्हा बायकोने ते एकेक करून स्कॅन केले आणि मशीनने दिलेले आकडे तसेच ठेवून पडद्यावर मांडले. डावा पाय आखूड असेल तो डावीकडे, उजवा असेल तो उजवीकडे, साखरेमुळे जखमा चिघळणारे खाली आणि गेलेली माणसं वरच्या ओळीत. कोणी गेल्याचं कळलं की ती हातातलं काम टाकून यायची आणि त्याला वर सरकवायची. ती गेल्यावर दीड वर्ष मी त्या जागांवरच दुकान चालवलं. पोस्टातल्या बाई डावीकडून दुसऱ्या, खालून चौथ्या. नाव लागतंय कशाला?

जावयाने यादी उघडली. एक ते एकशे बेचाळीस, नुसते आकडे.

“आणि जागा?”

“जागा नाही राहत बाबा. फाइल महत्त्वाची.”

“जावईबापू, घरातली सगळी भांडी पोत्यात कोंबून दिलीत, आणि वर म्हणताय एकही हरवलं नाही.”

त्याचा चेहरा उतरला. मला बरं वाटलं.

मग एकेक आकडा उघडत बसलो. आराखड्यावर मी फक्त मापं लिहितो. ज्याला पाऊल पाहून माणूस ओळखता येत नाही त्याने हा धंदा करू नये, असा माझा तोरा. त्रेसष्टाव्या आकड्याला बाई सापडल्या. दुपारपर्यंत तळ बसवून दिला. नवरा जोडा छातीशी धरून गेला.

जावई मात्र हलला नव्हता. “तुम्ही सांगत जा, मी सगळ्यांना नावं देऊन टाकतो,” म्हणाला. मी त्याला चहा विचारला नाही.

“बेकरीवाला. बँकेतला शिपाई. जुळ्यांमधली थोरली. हा गेला. हीपण गेली.” एकदाही अडलो नाही. शेवटी त्याने एकशे बेचाळीस उघडला.

“हे कोण?”

मला सांगता येईना. लहानसं पाऊल, एकटं डावं. रेघ टाचेपाशी दोनदा तुटलेली. माझी रेघ अशी तुटत नाही. वाकून स्वतःचंच पाऊल आखणाऱ्याची तुटते, कारण त्याला टाच दिसत नाही. खाली लिहिलं होतं, ‘डावी टाच दुखते. हातातली कामं झाली की बघा. घाई नाही.’

“आईंचं अक्षर,” जावई हळूच म्हणाला.

“कुठे ठेवलं होतं तिने हे? पडद्यावर कुठे होतं?”

“ते आता नाही कळणार, बाबा.”

तिथेच त्याचं डोकं फोडावंसं वाटलं. ती डावीकडे माझी वाट बघत थांबली होती, की शेवटी शेवटी स्वतःच वरच्या ओळीत सरकली होती, हे आता मला कधीच कळणार नव्हतं. पण दीड वर्ष त्या पडद्यासमोर मीच बसत होतो. त्यात जावयाचा काही दोष नव्हता, त्यामुळे राग आणखीच आला.

“जुनं परत घालून देऊ?”

“नको. जा तुम्ही.”

तो गेला. पाऊल पडद्यावर खऱ्या मापात तसंच होतं. मी फळीवरून बायकांचा चार नंबरचा लाकडी साचा काढला, धूळ पुसली आणि पडद्याच्या काचेवर त्या पावलाला लावून पाहिला. कडेला कड बसली. दुकान उघडलं त्या वर्षापासून तो साचा तिथेच होता.