साहेबांच्या टेबलावरून ताईंच्या पिशवीत

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल आहे. वय म्हणाल तर अवघी सहा वर्षं, पण आमच्यात एवढ्यात केस पिकतात. दुकानात मी सर्वांत वरच्या फळीवर असे. किंमत ऐकली की गिऱ्हाइकं मला हळूच खाली ठेवत.

माझे पहिले मालक एका कंपनीत मोठे साहेब होते. बैठकीत ते मला टेबलावर पालथं ठेवत, म्हणजे माझे तीन कॅमेरे सर्वांना दिसावेत. त्या कॅमेऱ्यांनी त्यांनी काय टिपलं? गाडी जिथे उभी केली, त्या खांबाचा नंबर.

एकदा त्यांच्या पत्नीने विचारलं, "अहो, आधीच्या फोनला काय झालं होतं?"

"काही नाही. पण चारचौघांत बरं दिसत नाही."

दोन वर्षांनी मीही चारचौघांत बरा दिसेनासा झालो. साहेबांनी मला दुरुस्तीच्या दुकानात पडत्या भावाने विकलं आणि मागे वळूनही पाहिलं नाही.

तिथून मला एका नर्सताईंनी नेलं. त्या घरोघर जाऊन जखमांची मलमपट्टी करत. जखमेचा फोटो काढून त्या डॉक्टरांना पाठवत, पण त्यांच्या आधीच्या फोनमध्ये लाल, जांभळं, काळं सगळं सारखंच दिसायचं आणि डॉक्टर फोनवर वैतागायचे. ताईंच्या पिशवीत माझ्या शेजारी कापूस, कात्री आणि हातमोजे असत.

एका दुपारी आम्ही एका म्हाताऱ्या सुताराकडे गेलो. त्यांना मधुमेह होता आणि पायाच्या अंगठ्याला खिळा लागला होता. खोली अंधारी होती. ताईंनी पट्टी सोडून माझ्याकडून फोटो काढून घेतला आणि डॉक्टरांना पाठवला. पाच मिनिटांत त्यांचा फोन आला.

"कडेला काळसर रेघ दिसतेय. आजच्या आज आणा."

सुतारांची सून घुटमळली. "रविवारी नेलं तर नाही का चालणार, ताई? त्या दिवशी हे घरी असतात."

ताईंनी तो फोटो दोन बोटांनी मोठा करून तिच्यापुढे धरला. सुनेने पाहिला, पदर खोचला आणि गाडी आणायला धावली.

अंगठा गेला, पण पाय वाचला. दोन महिन्यांनी सुतार पुन्हा रंधा मारत होते. ताईंना म्हणाले, "नऊ बोटांवरसुद्धा माणूस उभा राहतो की!"

खरं सांगायचं तर सगळं श्रेय माझं नाही. नजर ताईंची होती. खोलीत भरपूर उजेड असता, तर साध्या फोननेही ती रेघ कदाचित टिपली असती. पण उजेड नव्हता आणि मी होतो.

आता माझी काच एका कोपऱ्यात तडकली आहे. परवा दुकानदार म्हणाला, "ताई, नवीनच घ्या आता."

"बॅटरी तेवढी बदलून दे," ताई म्हणाल्या. "याचे डोळे अजून शाबूत आहेत."

तर मित्रांनो, महागडा फोन परवडतो का, हे मला विचारू नका. आपलं काम काय आहे, ते दुकानाची पायरी चढण्याआधीच ठरवा. साध्या फोनवर भागत असेल, तर खुशाल साधाच घ्या. पण जो घ्याल, त्याला भरपूर राबवा आणि जपून वापरा. आम्हाला मिरवण्याची हौस नसते. ती तुमची असते.