चीर गेलेली काचपेटी आणि तिचा भित्रा भाडेकरू

मित्रांनो, मी काचेची एक जुनी पेटी आहे. माझ्या डाव्या कोपऱ्याला बोटभर लांब चीर आहे, हे आधीच सांगून टाकते; नाहीतर मागाहून तुम्ही म्हणाल, एवढ्या गोष्टी सांगितल्या आणि मुख्य तेवढी लपवली.

मला एका अबोल काच-कारागिराने जोडले. पाच काचा, घासून गुळगुळीत केलेल्या कडा आणि सांध्यांत पाणी रोखणारे सिलिकॉन. मला काठोकाठ पाण्याने भरून त्याने दोन दिवस कोरड्या कागदावर ठेवले. तिसऱ्या दिवशी कागद कोरडाच निघाला, तेव्हा त्याने फक्त मान डोलावली. त्याच्याकडून ती मोठीच शाबासकी होती.

मग दातांच्या दवाखान्यात माझी नेमणूक झाली. बाहेरच्या खोलीत, खुर्च्यांसमोर. नऊ वर्षे माझ्या पोटात सोनेरी मासे फिरत होते. गाल सुजलेली मुले माझ्या काचेला नाक लावून बसत आणि आतल्या यंत्राचा आवाज विसरून जात. "अर्धं काम हीच करते," असे डॉक्टर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. तेव्हा माझ्या अंगावर मूठभर मांस चढे. म्हणजे, काचेच्या अंगावर चढेल तेवढे.

पण एकदा फरशी पुसताना लोखंडी बादली आपटली, कोपऱ्याला चीर गेली आणि थेंब थेंब पाणी गळू लागले. मासे दुसरीकडे गेले. माझ्या जागी टीव्ही आला. माझी रवानगी माळ्यावर झाली आणि माझ्यात प्लास्टरचे जुने जबडे भरून ठेवले. चार वर्षे मी लोकांचे दात सांभाळत बसले. कोणी ढुंकूनही पाहिले नाही.

मला खाली उतरवले ते दवाखान्यातल्या मदतनीस बाईंनी. त्यांना अकरा वर्षांची मुलगी होती. अंगाने एवढीशी, म्हणून तिचा मामा तिला उंदरी म्हणे. मामा सुतार होता आणि बहिणीच्याच घरी, मागच्या खोलीत राहत होता. या उंदरीला साप पाळायचा होता.

"उंदरीने साप पाळायचा?" मामा म्हणाला. "मी तर उलटंच ऐकलंय."

तो हसला खरा, पण सापाला तो भयंकर घाबरत असे. पुस्तकात सापाचे चित्र आले तरी घाईने पान उलटवी.

साप ठरलेला होता. कुणीतरी हौसेने कॉर्न स्नेक या परदेशी सापाचे पिल्लू घेतले होते. महिन्याभरात हौस फिटली आणि त्यांनी ते प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे सोडून दिले. केशरी अंगावर तांबडे ठिपके, पेन्सिलीएवढी जाडी, आणि विष अजिबात नाही. डॉक्टरीणबाईंनी उंदरीला एकच अट घातली. "आधी घर लाव. दोन आठवडे ते रिकामं चालव आणि रोजचं तापमान मला लिहून दाखव. मग साप ने."

मला घासूनपुसून लख्ख केले. मामाने माझी चीर सिलिकॉनने भरली. मला आता पाणी धरायचे नव्हते, साप धरायचा होता, आणि तेवढी ताकद माझ्यात शिल्लक होती. मामाने जाळीचे झाकण केले आणि तळाला अंथरायला आपल्या कारखान्यातला सुगंधी भुसाही आणला. डॉक्टरीणबाईंनी तो हुंगून बाजूला ठेवला. "वास छान आहे, पण त्याच्या फुप्फुसाला सोसणार नाही. सध्या साधा कागद अंथरा."

"तीस वर्षं लाकडात काढली," मामा घरी येऊन कुरकुरला, "आणि आज माझा भुसा नापास झाला."

मग माझ्याखाली उबेची पट्टी आली. उंदरीने ती पूर्ण तळाखाली पसरली, तर मी सगळीकडून तापले. "त्याला गरम झालं तर जायचं कुठे?" डॉक्टरीणबाईंनी विचारले. पट्टी एका टोकाला सरकली, तिला तापमान रोखणारे बटण लागले, आणि माझ्यात दोन ऋतू तयार झाले. उजवीकडे तीस अंश, डावीकडे चोवीस. जड बुडाचे पाण्याचे भांडे आले. लपायला दोन मोठ्या कुंड्या उपड्या ठेवल्या. राहता राहिले जेवण: गोठवलेली उंदरांची पिल्ले.

"उंदीर? माझ्या वाटाण्यांच्या शेजारी?" फ्रीज उघडून आई म्हणाली. शेवटी घट्ट झाकणाचा एक डबा आला आणि त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले गेले: 'हा उघडू नये, विशेषतः मामाने.'

पंधराव्या दिवशी साप आला. मी दिवाणखान्यात, टीव्हीजवळ होते. माझी जुनी सवय! सगळ्यांना दिसेन अशा जागी मला ठेवलेले पाहून मी खूश झाले. साप मात्र कुंडीखाली शिरला तो शिरलाच. आठवडाभर हात लावायचा नाही, हे उंदरीने पाळले. आठव्या दिवशी बर्फ उतरवून कोमट केलेले उंदराचे पिल्लू चिमट्याने पुढे केले. सापाने तोंड फिरवले. पुढच्या आठवड्यातही तेच. त्याची पाठ कण्यावर टोकदार दिसू लागली.

"मी काही चुकवलंय का?" उंदरीने फोनवर विचारले. तिची वही शेजारी उघडी होती. एकही दिवस चुकलेला नव्हता.

"तापमान बरोबर आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण पुढच्या वेळीही त्याने खाल्लं नाही, तर मी त्याला परत नेते. ही शिक्षा नाही, बाळा. त्याला तेवढा वेळ नाही."

मला सगळे कळत होते, मित्रांनो, पण मला तोंड कुठे आहे? चारही बाजूंनी माझी काच उघडी. टीव्हीच्या आवाजाने माझा तळ थरथरे. कोणी समोरून गेले की कुंडीखालचे इवलेसे डोके आक्रसून मागे जाई. ज्या पारदर्शकपणाचा मला जन्मभर अभिमान होता, तोच त्या जिवाला छळत होता.

हे ओळखले मामाने. तो भीतीपोटी माझ्यावरून नजर काढत नसे, म्हणून इतरांना न दिसलेले त्याला दिसले.

"तो रागावलेला नाही," चहाचा कप खाली ठेवत तो म्हणाला. "तो घाबरलाय. मी त्याला पाहून जसा कोपरा धरतो, तसाच तो धरतो. फक्त त्याच्या कोपऱ्याला पाठ टेकत नाही. कुंडी मोठी पडते त्याला."

"मग काय करायचं?" उंदरीने विचारले.

मामाने मागच्या खोलीकडे पाहिले. मग म्हणाला, "घरात शांत खोली एकच आहे. माझी."

"दादा, तुला झोप लागेल का?" आईने विचारले.

"झाकणाला दोन कड्या लावतो," मामा म्हणाला. "मग बघू."

त्याच दुपारी मला आपल्या खोलीत नेऊन त्याने माझ्या तीन बाजूंना बाहेरून पातळ प्लायवुड लावले. वितळलेल्या मेणबत्तीसारखा त्याचा चेहरा झाला होता, पण मोजमाप एका सुतानेही चुकले नाही. कुंड्या गेल्या आणि दोन ठेंगण्या पेट्या आल्या, एक उबेकडे, एक गारव्याकडे. आत शिरायला दोन बोटे मावतील एवढेच भोक. चार दिवस, झोपायला येणाऱ्या मामाशिवाय, कोणी माझ्याजवळ फिरकले नाही. पाचव्या दिवशी संध्याकाळी उंदरीने पेटीच्या तोंडाशी खाणे ठेवले आणि ती मामाजवळ दारात जाऊन बसली.

आधी जीभ बाहेर आली. मग नाक. मग एक झडप, आणि खाणे गायब.

उंदरी ओरडली नाही. तिने मामाच्या सदऱ्याची बाही घट्ट धरली आणि ती त्यातच रडली.

दोन वर्षांत साप मनगटासारखा नव्हे, पण मामाच्या अंगठ्याएवढा जाड झाला आणि मला पुरेना. मामाने त्याला लाकडी मोठे घर बांधले. हलवायच्या दिवशी उंदरीचा हात मुरगळून झोळीत होता आणि आई दवाखान्यात कामाला गेली होती.

"मामा, तूच उचल," उंदरी म्हणाली. "पकडू नकोस. खालून आधार दे आणि त्याला रस्ता दे."

मामाने डोळे मिटले आणि हात माझ्यात घातला. साप सावकाश त्याच्या तळव्यावर चढला, मनगटाला वळसा घालून थांबला. मामाही थांबला. बऱ्याच वेळाने त्याने एक डोळा उघडला.

"मला वाटायचं, गार असेल," तो हळूच म्हणाला. "हा तर उबदार आहे गं."

आता मी डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात असते. कुणी सोडून दिलेले जीव काही दिवस माझ्यात विसावतात. माझे प्लायवुड मी काढू दिलेले नाही. म्हणजे, कोणी काढलेच नाही. मित्रांनो, एखादा प्राणी घरी आणावासा वाटला तर जरूर आणा, पण घाई करू नका. त्याची जागा आधी लावा आणि काही दिवस ती रिकामीच राहू द्या. आणि तो आल्यावर, तुमच्याकडे पाहायला त्याला जितका वेळ लागेल, तितका त्याला द्या.