निवाऱ्याची जागा

आंबेकोंडातल्या बौद्धवाडीच्या मागे डोंगराला भेग पडली, तेव्हा रत्नागिरीहून एक भूगर्भतज्ज्ञ बाई पाहायला आली होती. तिने भेगेत हात घातला. कोपरापर्यंत आत गेला.

"पूर्वी जो पाऊस आठवडाभर पडायचा, तो आता एका दुपारी पडतो," वाडीतली माणसं भोवती जमली तशी ती म्हणाली. "समुद्र तापलाय. ढग जास्त पाणी उचलतात आणि एकदम टाकतात. जमिनीला ते जिरवायला वेळ मिळत नाही."

मग तिने विचारलं, रोज सकाळी आठ वाजता, सुट्टी न घेता एक काम कोण करेल? सगळ्यांनी मालनकडे पाहिलं. मालन अंगणवाडीत मदतनीस होती. नवरा शुभंकर मुंबईत एका कारखान्याच्या कँटीनमध्ये, घरात सासू चिमा आणि अकरा वर्षांची सानवी. तिच्या अंगणात पर्जन्यमापक बसला. दीडशे मिलिमीटरच्या वर पाणी गेलं की वाडी खाली करायची आणि गावच्या देवळाच्या सभामंडपात जायचं, असं त्या बाईने नकाशावर लिहून दिलं, सोबत धोक्याच्या डोंगरांची यादीही. वाडीत माणसं बत्तीस.

सभामंडप दोन वेळाच मिळाला. दुसऱ्या वेळी सुंदराबाईनं पोरांना भूक लागली म्हणून मागच्या ओट्यावर सुकट भाजली. तो वास गावकऱ्यांच्या बैठकीपर्यंत पोचला. गंगाराम देवळाच्या कमिटीचा अध्यक्ष. आवाज न चढवता बोलणारा माणूस.

"तुमची अडचण होऊ नये म्हणून म्हणतो बाय," तो मालनला म्हणाला. "देवळाचं सोवळंओवळं तुम्हाला कशाला? खालच्या रस्त्याला माझी काजूची शेड रिकामी हाय. हवी तेवढी सुकट भाजा."

तिसऱ्या वेळेपासून वाडी शेडमध्ये जाऊ लागली. तीन पावसाळ्यांत मालननं पाच वेळा माणसं हलवली. पाचही वेळा डोंगर जागचा हलला नाही. माणसं चिडायची, तरी यायची, कारण मालन दारातून हलायची नाही.

या वर्षी एप्रिलमध्ये गंगारामनं शेडमागचा डोंगर जेसीबीने कापला. वरच्या सपाट सड्यावर पुण्याच्या लोकांसाठी प्लॉट पाडायचे होते, त्यांना रस्ता हवा होता. झाडं गेली, वरचा जांभा दगड फुटला आणि त्याच्याखालची लाल माती दोन पुरुष उंच उघडी पडली. मालन त्याच्या घरी गेली.

"दादा, शेडच्या मागं डोंगर उभा कापलाय. पावसात माणसांना तिथं कसं ठेवू?"

"तुझ्या त्या यादीत माझा डोंगर हाय काय?"

"यादी तीन वर्षांपूर्वीची हाय. तेव्हा तो कापलेला नव्हता."

"म्हणजे नाय ना? जे यादीत नाय त्याला धोका नाय. तू सरकारपेक्षा शहाणी झालीस काय गो?"

पडवीत बसलेली दोन माणसं हसली. मालननं घरी येऊन भूगर्भवाल्या बाईला फोन लावला. तिची बदली झाली होती. नवीन साहेब म्हणाले, फेरतपासणी पुढच्या वर्षी आहे.

जुलैच्या तिसऱ्या मंगळवारी सकाळी आठला मापात एकशे शहाऐंशी पाणी होतं, आणि पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. मागच्या भेगेतून मातकट पाण्याची धार चालू झाली होती. मालननं गंगारामला फोन केला.

"दादा, आजच्या दिवस मंडप उघडा. पाया पडते."

"आज देवळात पूजा बसलीय. शेडात जा. आणि पोरांना भिजवू नका, आजारी पडतील."

फोन ठेवून ती ओटीवर आली. वर भेग दिसत होती. खाली शेडमागं काय होईल ते तिला नक्की सांगता येत नव्हतं. शेवटी जे डोळ्यांना दिसत होतं त्याचीच भीती मोठी ठरली. दहा वाजेपर्यंत तिने वाडी रिकामी केली.

फक्त चिमा आली नाही. गोठ्यात शेळी व्यायला झाली होती.

"पाच वेळा गेलो, पाच वेळा परत आलो," चिमा म्हणाली. "माणसं मोजायची हौस हाय तुला. मला नको मोजू."

शेडमध्ये माणसं ताडपत्रीवर बसली. सुंदराबाईनं चूल पेटवली. मालननं मोजलं आणि सासूला आणायला परत निघाली. आपला फोन तिने सानवीकडे दिला.

"बाबांचा फोन आला तर सांग, सगळे शेडमध्ये आहोत. लहान पोरांना बाहेर जाऊ देऊ नको."

"आई, मागच्या भिंतीतून पाणी येतंय. लाल लाल."

मालननं पाहिलं. भिंतीच्या बुडाशी बोटभर धार होती.

"मग पुढच्या बाजूला बसा सगळे," ती म्हणाली. "मी अर्ध्या तासात येते."

अर्धा तास चढायलाच लागला. चिमा गोठ्यात शेळीच्या पाठीवर हात ठेवून बसली होती. मालननं समजावलं, हात धरून ओढलं, मग तिचा संयम सुटला.

"मरायचं असेल तर मर म्हातारे! पण माझ्या माथी नको मरू. उद्या पेपरात माझं नाव येईल, एक बाई राहिली म्हणून!"

 चिमा उठली, शेळीचं दावं सोडलं आणि उतरायला लागली. निसरड्या पाखाडीवरून म्हातारी एकेक पायरी बसून उतरत होती. मालनला तिचा इतका राग आला होता की ती दहा पावलं पुढे चालत होती.

खालून आवाज आला तेव्हा दुपारचे बारा वाजून गेले होते. चिऱ्यांचा ट्रक रिकामा करावा तसा आवाज, पण तो संपेना. मालन धावली. वळणावर आली तर समोर शेड नव्हती. डोंगर शेडवरून रस्ता ओलांडून नाल्यात गेला होता. पत्र्याचा एक तुकडा रस्त्यावर उभा होता. बाजूच्या दारातून सुटलेली माणसं चिखलात गुडघ्यावर बसली होती. त्यांची तोंडं लाल झाली होती, कोण कोण आहे ते ओळखू येत नव्हतं.

"सानवी!" ती ओरडली. "सानवी कुठाय?"

 मालन हातांनी माती ओढू लागली. थोड्या वेळानं चिमा येऊन तिच्या शेजारी बसली आणि तीही ओढू लागली. गंगारामचाच जेसीबी यायला तीन तास लागले.

नऊ माणसं गेली. सुंदराबाई चुलीजवळ सापडली. सानवी दुसऱ्या दिवशी दुपारी सापडली. दोन लहान पोरं तिच्या कुशीत होती. शेडच्या पुढच्या बाजूला, मालननं सांगितलं होतं तिथंच. मागची भिंत तिथपर्यंत सरकत आली होती. मागच्या कोपऱ्यात, बाजूच्या दाराशी हट्टानं बसून राहिलेले तिघं मात्र वाचले होते.

वाडीमागचा डोंगर तसाच राहिला. भेगेतलं पाणी चार दिवसांनी आटलं. एकाही घराचं कौल हललं नाही.

दरड कोसळली त्याच संध्याकाळी देवळाचा सभामंडप उघडला. जखमींना रत्नागिरीला नेलं होतं, उरलेली सतरा माणसं तिथं झोपली. सतरंज्या आल्या, पंखा लागला, गंगारामच्या घरून चहाची किटली आली. तीन दिवस कॅमेरेवाले येत होते, आणि गंगाराम किटली हातात घेऊन उभा राहत होता. इतकी माणसं झोपूनही मंडपाचा अर्धा भाग रिकामाच राहायचा. मालन खांबाला पाठ लावून त्या रिकाम्या फरशीकडे बघत बसायची.

महिन्याभरानं शाळेत चौकशी झाली. अधिकारी तरुण होता, नम्र होता. त्याने आधी आकडे वाचले. एका दिवसात तीनशे चार मिलिमीटर पाऊस. "हा हवामान बदलाचा फटका आहे. असा पाऊस इथं कधी नोंदलेलाच नाही."

"निसर्गापुढं माणसाचं काय चालतं साहेब," गंगाराम म्हणाला.

"शेडची जागा कोणी ठरवली?"

"वाडीवाल्यांनीच. मी माणुसकी म्हणून किल्ली दिली."

मालन उभी राहिली. "यांनी सांगितलं. मी देऊळ मागितलं होतं. सकाळी फोन केला होता."

"फोन केल्याची नोंद असेल हो. पण बोलणं काय झालं? काही लिहून घेतलंत? कोणी ऐकलं?"

मालननं मागं पाहिलं. वाडीतल्या बायका ओळीनं बसल्या होत्या. निम्म्या जणी गंगारामकडे काजू फोडायला जात होत्या, त्यांच्या बोटांना चिकाचे काळे डाग होते. एकीनंही मान वर केली नाही. जिची दोन पोरं सानवीच्या कुशीत सापडली होती, ती पदराचं टोक पिळत राहिली.

"मी ऐकलं," चिमा मागून म्हणाली. "मी तिच्या बाजूलाच होते. गंगारामच बोलला, शेडात जा म्हणून."

अधिकाऱ्यानं कागद चाळले. "आजी, तुम्ही तर शेळीपाशी होतात. गोठ्यातून बाहेर यायला तयार नव्हतात, असं तुम्हीच जबाबात सांगितलंय."

"तरी ऐकलं."

कोणीतरी हसलं. गंगारामनं त्याला हातानं गप्प केलं.

"डोंगर कापला त्याचं काय?" मालननं विचारलं.

"तो भाग यादीत नाही, ताई. आम्हाला यादीनुसार चालावं लागतं."

अहवालात दोन कारणं आली. अभूतपूर्व पाऊस, आणि स्थानिक स्वयंसेविकेनं निवडलेला अयोग्य निवारा. रस्त्याचा उल्लेख नव्हता. पावसाळा संपताच गंगारामनं कापलेल्या ठिकाणी सरकारी निधीतून भक्कम भिंत बांधून घेतली, आणि वरचे प्लॉट दिवाळीपर्यंत विकले गेले.

शुभंकर तेराव्या दिवसापर्यंत राहिला होता. त्याने मालनला फक्त एकदा विचारलं, "आईला आणायला गेलीस, तर पोरीलाही सोबत का नाय नेलंस?" तिने सांगितलं, पाऊस होता, वाट निसरडी होती, शेडमध्ये ती सुरक्षित होती. तो 'सुरक्षित' शब्द तोंडातून गेल्यावर शुभंकर उठून बाहेर गेला. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं तो निघून गेला.

आता तो दर रविवारी फोन करतो, शेजारच्यांच्या नंबरवर. चिमा जाऊन बोलून येते. जेवलास काय, खोकला बरा हाय काय, इकडचं ठीक हाय. मालन दारात उभी राहून ऐकते.

"तिच्याशी बोलतोस?" चिमा दर वेळी विचारते.

मग उत्तरासाठी थांबते, आणि फोन ज्याचा त्याला परत देते.