डाव्या हाताचा चाकू

“अवं, चाकू फिरव. वांगं नोको उचलू!” टिकाराम पुन्हा म्हणाला.

खाटेवर उशीला टेकून बसलेली शकुनबाई ओशाळली. दिवाळीत अंगावरून वारं गेल्यापासून तिची उजवी बाजू निकामी झाली होती. डाव्या हातातला चाकू मांडीवर ठेवून ती पुन्हा वांगंच उचलत होती. जन्मभर तिने विळीवर, म्हणजे तिकडच्या पावशीवर, भाजी चिरलेली. पातं जागेवर असतं आणि भाजी सरकते, एवढंच तिच्या हाताला ठाऊक.

“नाई जमत, अजी. मले पावशीच द्या.”

“पावशी दाबाले पाय कुठून आणू?” बोलून गेला आणि टिकारामने जीभ चावली.

टिकाराम एकोडीच्या धानगिरणीत फिटर होता. सुट्टीच्या दिवशी ट्रकच्या मोडक्या कमानीचा पाटा घासून चाकू करायचा, हा त्याचा छंद. विकायचा नाही; आवडला त्याने खुशाल न्यावा. पण पावशीशिवाय जिथे कोणाचं पान हलत नाही, तिथे चाकू नेतो कोण? “लोकाइचे नवरे लुगडी आणतेत, अन् माया घरी चाकूच चाकू!” असं म्हणत शकुनबाईने त्याची आयुष्यभर थट्टा केली. ती थट्टा आता बंद झाली होती. चूल हातची सुटली तशी तिची भूकही गेली. “काम नाई, त घास कायचा?” म्हणत ताट बाजूला सारायची. दिवसेंदिवस ती वाळत चालली होती. बायकोने भाजी चिरली तर ती जेवेल, या एका आशेवर टिकारामने हा चाकू केला होता. मूठ हलक्या शिवणीच्या लाकडाची, डाव्या हाताला बसेल अशी. तीच त्याने तीनदा घासून बदलली.

आता त्याला स्वतःचाच राग आला. चूक मुठीत नव्हतीच; पातंच जागेवर हवं होतं. त्याने मूठ काढून टाकली, पातं सागाच्या फळीत उभं ठोकलं, आणि केस कापेल अशी धार लावली. फळी खाटेवर ठेवली. ती हलू नये म्हणून शकुनबाईचा निर्जीव उजवा हात उचलून त्यानेच फळीवर वजनासारखा ठेवला.

“आता सरकव वांगं.”

तिने सरकवलं. फोड पडली. मग दुसरी. शकुनबाईचा चेहरा असा उजळला की टिकारामची नजर तिथून हलेना.

“उषा, आज भाजी माया हातची वं!” तिने सुनेला हाक मारली.

कौतुकाने धावत आलेली उषा दारातच थबकली. “मामाजी, रगत!”

दर हिसक्याला तो हात घसरत घसरत पात्याला भिडला होता. दोन बोटं खोल चिरली होती, फोडी लाल झाल्या होत्या. त्या बधिर हाताचं शकुनबाईला काहीच कळलं नव्हतं. ती पुढचं वांगं घेत होती.

टिकारामने धोतराचा सोगा त्या बोटांवर गच्च दाबला आणि फळी ओढून घेतली.

“काहून काढता जी? आता त जमून राहिलं न?”

त्याने नुसता तिचा हात उचलून तिच्या डोळ्यांपुढे धरला. तिने त्या हाताकडे पाहिलं, दुसऱ्या कोणाचा असावा तसं, आणि तोंड भिंतीकडे केलं.

संध्याकाळी उषाने ताट वाढलं. टिकारामने घास भरवायला हात पुढे केला, पण शकुनबाईने ओठ उघडले नाहीत. या खेपेला त्यानेही आग्रह केला नाही.